गुरुत्वीय लहर प्रकाशालाही ताणते, मग लायगो मोजतं काय?

लायगो म्हणजे काटकोनात ठेवलेल्या दोन लांब नळ्यांत (भुजांत) लेसर सोडून गुरुत्वीय लहरी टिपणारं यंत्र. त्याबद्दलचा प्रश्न अमळनेरहून आलाय. विचारणारा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: "सर, गुरुत्वीय लहर आली की अवकाश ताणलं जातं असं सगळीकडे वाचतो. लायगोच्या नळीतलं अवकाश ताणलं, तर त्या नळीतल्या लेसरची तरंगलांबीही तेवढीच ताणली जाणार ना? पट्टीच लांबनी ते माप कसं लेवानं? दुसरं, दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश कोट्यवधी वर्षं अशा लहरींतून येतो, तर वाटेत त्याचं काय होतं? आणि आमच्या कॉलेजात यातलं काही करून बघता येईल का?"

मधलं वाक्य त्याने अहिराणीत टाकलंय (पट्टीच लांबली तर माप कसं घ्यायचं?), आणि अख्ख्या प्रश्नाचा जीव त्यातच आहे.

पहिल्यांदा एक सांगतो. हा प्रश्न बाळबोध वाटून घेऊ नकोस. मी पल्सार नावाच्या ताऱ्यांच्या टायमिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. सेमिनारमध्ये पीएच.डी. झालेली माणसंही इथे येऊन अडतात, आणि मग कुणीतरी "गणित केलं की येतं बरोबर" म्हणून विषय गुंडाळतो. गणित बरोबरच येतं, पण का येतं ते सांगता आलं पाहिजे.

आधी किती ताणलं जातं ते बघू. १४ सप्टेंबर २०१५ रोजी, आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटं झाली असताना, अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड इथल्या दोन्ही लायगो यंत्रांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, आणि त्यात तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींच्या रूपाने बाहेर पडलं होतं. इतकं होऊनही इथे पोचेपर्यंत लांबीतला सापेक्ष बदल, ज्याला आम्ही स्ट्रेन म्हणतो, तो दहाच्या उणे २१ व्या घाताएवढाच उरला होता. लायगोची एक भुजा ४ किलोमीटरची आहे. म्हणजे फरक पडला साधारण ४ भागिले दहाचा अठरावा घात इतके मीटर. प्रोटॉनचा व्यास याच्या काहीशे पट मोठा असतो. लायगोच्या लेसरची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर आहे. तिचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या चार भागांएवढा हा फरक झाला.

आता तुझी शंका. लहर आली त्या क्षणी भुजेत जो प्रकाश आधीच होता, त्याची तरंगलांबी भुजेइतक्याच प्रमाणात ताणली गेली का? हो, गेली. त्या क्षणी भुजेत मावणाऱ्या तरंगांची संख्या बदलली का? नाही. इथपर्यंत तुझं शंभर टक्के बरोबर आहे. चूक पुढच्या पायरीत होते. लायगो तरंग मोजत बसत नाही आणि प्रकाशाचा पट्टी म्हणून वापरही करत नाही. तरंगाचा माथा शोधकापाशी, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या डिटेक्टरपाशी, कधी पोचला, एवढंच ते बघतं.

भुसावळ–जळगाव लाइनीवर हे सहज दिसेल. अंतर साधारण पंचवीस किलोमीटर धर. भुसावळहून दर दहा मिनिटांनी एक मालगाडी सुटते आणि ती ताशी ५० च्या ठरलेल्या वेगानेच धावते, कमी नाही की जास्त नाही. म्हणजे अर्ध्या तासाच्या या वाटेवर एका वेळी तीनेक गाड्या असतात. आता समजा, एका क्षणात रूळ हजारात एक भाग ताणले गेले. पंचवीस किलोमीटरला पंचवीस मीटर वाढले. रुळांवर असलेल्या गाड्यांमधलं अंतरही त्याच प्रमाणात वाढलं. त्या क्षणी कुणी लाइनीवरच्या गाड्या मोजल्या, तर आधी होत्या तेवढ्याच भरतील. पण जळगावच्या स्टेशनमास्तरपुढे वेळेचं रजिस्टर असतं. जळगावच्या अगदी जवळ आलेल्या गाडीला उशीर नगण्य होईल. तिच्या मागचीला थोडा जास्त, तिच्याही मागचीला आणखी जास्त. आणि रूळ ताणल्यावर भुसावळहून जी सुटली, तिला पूर्ण लांबलेली वाट तुडवावी लागली, म्हणून ती १.८ सेकंद उशिरा येईल. तिच्यानंतरच्या गाड्या दहा-दहा मिनिटांनीच येत राहतील, कारण भुसावळचं घड्याळ काही ताणलं गेलेलं नाही, पण प्रत्येक गाडी १.८ सेकंद मागे असेल.

यात दोन गोष्टी वेगळ्या करून घे. वाटेत असलेल्या गाड्या एकमेकींपासून जरा जास्त अंतराने पोचल्या, ही झाली रेडशिफ्ट, म्हणजे तरंगलांबी वाढणं. ती तात्पुरती आहे, जुन्या गाड्या संपल्या की संपते. नंतरच्या सगळ्या गाड्यांना कायमचा उशीर लागला, हा झाला फेजमधला, म्हणजे तरंगाचा माथा कधी पोचतो त्यातला, फरक. लायगो टिपतं तो दुसरा. आणि हे दोन्ही परिणाम एकमेकांशी बांधलेले आहेत: उशीर ज्या दराने वाढतो, तो दर म्हणजेच फ्रिक्वेन्सीतला बदल.

लायगोत हे सगळं फार झपाट्याने घडतं. प्रकाशाला ४ किलोमीटर जायला १३ मायक्रोसेकंद लागतात. १०० हर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं. म्हणजे लहर जागची जेमतेम हलते न हलते तोच भुजेतला जुना, ताणलेला प्रकाश निघून जातो आणि लेसरमधून ताजा प्रकाश येतो, त्याची तरंगलांबी लेसरने ठरवलेली. आरशांमध्ये साधारण तीनशे खेपा करून हाच प्रकाश सुमारे १,२०० किलोमीटरची वाट चालतो (तीही लहरीच्या एका आवर्तनाच्या आत), म्हणून परिणाम वाढतो. एक भुजा लांबते तेव्हा दुसरी आखूड होते. दोन्हीकडचे तरंग परत भेटतात तेव्हा त्यांचे माथे जुळत नाहीत, आणि एरवी जवळपास अंधारा ठेवलेला शोधक किंचित उजळतो.

तुझ्या शंकेत तथ्य आहे याचा पुरावा हवा असेल, तर लहरीची फ्रिक्वेन्सी वाढवत ने. ३७,५०० हर्ट्झला ४ किलोमीटर जाऊन परत यायला लागणारा वेळ आणि लहरीचं एक आवर्तन, दोन्ही सारखे होतात. बरोबर डोक्यावरून येणारी अशी लहर असेल, तर प्रकाश अर्धा वेळ लांबणाऱ्या वाटेत आणि अर्धा वेळ आखडणाऱ्या वाटेत काढतो. बेरीज शून्य. यंत्र अशा लहरीला साफ आंधळं असतं. युरोपची लिसा ही अंतराळातली लायगोसारखी मोहीम २०३५ च्या सुमाराला जायची आहे. तिच्या तीन यानांमधलं अंतर २५ लाख किलोमीटर असणार, प्रकाशाला एका बाजूने जायलाच आठ सेकंदांहून जास्त लागणार. तिथे ही अडचण कागदावरची राहत नाही. वीस-तीस मिलिहर्ट्झच्या वर तिची पकड याच कारणाने ढिली पडते.

आणखी एक गोष्ट, जी पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते आणि विद्यार्थी वाचून पुढे जातात. "अवकाश ताणलं, आरसे जागेवरच राहिले" हे वर्णन आपण निवडलेल्या निर्देशांकांमुळे (कोऑर्डिनेट्समुळे, म्हणजे जागा-वेळ मोजायच्या पद्धतीमुळे) आहे. दुसरे निर्देशांक घेतले, प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला सोयीचे, तर वर्णन बदलतं: अवकाश जसंच्या तसं आहे, लहरीने आरशांना बल लावून हलवलं, आणि प्रकाशाला भुजेत काहीच झालं नाही. या भाषेत तुझा प्रश्न उठतच नाही. शोधकावर पडणारा उजेड मात्र दोन्ही हिशेबांत तंतोतंत तेवढाच येतो. म्हणून कुणी छातीठोकपणे सांगू लागला की "प्रत्यक्षात प्रकाशच ताणला जातो" किंवा "प्रत्यक्षात आरसेच हलतात", तर त्याला विचार, कुठल्या निर्देशांकांत? मोजता येतं ते एकच: दोन ठिकाणची घड्याळं आणि त्यांच्यामधल्या प्रकाशाच्या पोचण्याच्या वेळा.

आता दुसरा प्रश्न, आणि मला स्वतःला हा जास्त आवडतो. प्रकाश लांबून येतो तेव्हा वाटेत काय होतं?

साहजिक अंदाज असा, की वाट जितकी लांब तितका परिणाम मोठा. लहर मागून लहर, प्रत्येक लहर प्रकाशाला थोडं ढकलणार, थोडं वाकवणार, आणि कोट्यवधी वर्षांत त्याचा ढीग होणार. तसं होत नाही. प्रकाश वाटेतलं काही साठवत नाही. १९७५ मध्ये एस्टाब्रुक आणि वॉलक्विस्ट या दोघांनी अंतराळयानांच्या रेडिओ संदेशांसाठी हा हिशेब मांडला, आणि उत्तर थक्क करणारं सोपं आलं: फ्रिक्वेन्सीतला बदल फक्त दोन टोकांवर ठरतो. प्रकाश निघाला त्या ठिकाणी त्या क्षणी लहर किती होती, आणि पोचला त्या ठिकाणी त्या क्षणी किती आहे, या दोहोंतला फरक घ्यायचा, आणि त्याला दिशेवर अवलंबून असलेल्या एका गुणकाने गुणायचं. मधल्या वाटेतली चढउतार आपापसात कटून जाते.

गुणकाची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. गुरुत्वीय लहर आडवी असते, ज्या दिशेला जाते त्या दिशेने ती काही ताणत नाही, तिच्या काटकोनातल्या दिशांना ताणते-आखडते. त्यामुळे लहरीच्या बरोबर समोरून येणाऱ्या प्रकाशावर परिणाम शून्य. काटकोनात जाणाऱ्या प्रकाशाला गुणक अर्धा. गंमत आहे ती लहरीच्या सोबतीने निघालेल्या प्रकाशाची. दोघांचा वेग एकच, म्हणून प्रकाश लहरीच्या एकाच भागावर चिकटून राहतो. अगदी समांतर असेल तर निघतानाची आणि पोचतानाची लहर एकच, फरक शून्य, परिणाम शून्य. जरासा कोन असेल, तर लहरीचा ताण त्या दिशेला फारच थोडा लागतो, पण तो फार काळ एकाच बाजूने लागत राहतो. "थोडा" आणि "फार काळ" यांचा गुणाकार भडकत नाही. जास्तीत जास्त लहरीच्या स्ट्रेनच्या घरातच राहतो. कितीही युक्ती कर, लहरीवर कितीही वेळ स्वार हो, प्रकाशाच्या फ्रिक्वेन्सीतला बदल त्या हिशेबाबाहेर जात नाही.

या दोन टोकांच्या नियमातून एक झकास खूण मिळते. पृथ्वीवरून यानाकडे संदेश पाठवला, यानाने तो तसाच परत फेकला, आणि तेवढ्यात एक छोटी लहर सूर्यमालेतून गेली, तर आपल्या नोंदीत तिचा ठसा एकदा उमटत नाही, तीनदा उमटतो: पृथ्वीवर संदेश घेताना लहर इथे असेल तेव्हा, यानाने परत पाठवताना ती तिथे असेल तेव्हा, आणि मूळ संदेश निघताना ती पृथ्वीवर असेल तेव्हाची नोंद जाऊन-येऊन पोचेल तेव्हा. तिन्ही ठशांची बेरीज शून्य. शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाबरोबर २००१–०२ च्या हिवाळ्यात चाळीस दिवस हा प्रयोग केला गेला. लहर काही सापडली नाही, पण रेडिओ दुव्याची अचूकता किती वर नेता येते ते कळलं.

यानाच्या जागी पल्सार ठेवला की माझं क्षेत्र सुरू होतं. पल्सार म्हणजे फिरणारा न्यूट्रॉन तारा, प्रत्येक फेरीला आपल्याकडे रेडिओ लहरींचा एक झोत टाकणारा. (रेडिओ लहरीही प्रकाशच, फक्त तरंगलांबी मोठी. हे सगळे नियम तिला जसेच्या तसे लागू.) १९८२ मध्ये सापडलेला पहिला मिलिसेकंद पल्सार सेकंदाला ६४० च्या वर फेऱ्या मारतो. अशा पल्सारचा ठोका पुढच्या वर्षी कधी येणार, हे मायक्रोसेकंदांत आधी सांगता येतं. सांगितलेली वेळ आणि आलेली वेळ यांतला फरक काढायचा. त्याला आम्ही रेसिड्युअल म्हणतो. आमचं आयुष्य या रेसिड्युअलच्या आलेखांवर ठिपके बघण्यात जातं. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर मायक्रोसेकंद. सगळं बरोबर असेल तर ठिपके शून्याच्या रेषेभोवती विखुरलेले दिसतात. पल्सारच्या कक्षेत काही चुकलं असेल तर कक्षेच्या कालावधीची नागमोड दिसते. त्याची आकाशातली जागा चुकली असेल तर बरोबर एक वर्षाची नागमोड दिसते, आणि नवखा विद्यार्थी हीच बघून हुरळतो.

गुरुत्वीय लहर इथे दिसते ती वर्षानुवर्षांच्या संथ वळणात. आकाशगंगांच्या मध्यभागी असलेली महाकाय कृष्णविवरं जोडीने फिरतात, त्यांच्या लहरींचं एकेक आवर्तन वर्षा-वर्षांचं. दहा-पंधरा वर्षांत ठोके काहीशे नॅनोसेकंदांनी मागेपुढे होतात. पण एवढं वळण पल्सारच्या स्वतःच्या चुळबुळीनेही येऊ शकतं. मग ओळखायचं कसं? पुन्हा टोकांचा नियम कामाला येतो. प्रत्येक पल्सारच्या टोकाशी लहर वेगळी, पण पृथ्वीचं टोक सगळ्यांना सामाईक. म्हणून सगळ्या पल्सारांच्या ठोक्यांत एक सामाईक हालचाल असायला हवी, आणि ती दिशेप्रमाणे ठरलेल्या तऱ्हेने बदलायला हवी. १९८३ मध्ये हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी तो आलेख काढला: आकाशात जवळजवळ असलेल्या पल्सारांची हालचाल जुळते, ८० अंशांच्या आसपास उलटी होते, आणि समोरासमोर असलेल्यांची पुन्हा थोडी जुळते. पृथ्वीवरचं घड्याळ चुकलं असतं तर सगळे पल्सार एकसारखे चुकले असते. सूर्यमालेचा गुरुत्वमध्य चुकीचा धरला असता तर समोरासमोरचे पल्सार बरोबर उलटे चुकले असते. लहर आणि या दोन चुका, तिघांचे चेहरे वेगळे.

२९ जून २०२३ ला अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि चीन इथल्या गटांनी या आलेखाची चाहूल लागल्याचं जाहीर केलं. युरोपच्या निकालात भारतीय पल्सार टायमिंग अ‍ॅरेची आकडेवारी जोडलेली होती, ती आली नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतून. तिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. खोडदचं नेमकं बळ कशात, तेही तुझ्या प्रश्नाशी जोडलेलं आहे. तू विचारलंस, वाटेत प्रकाशाला काय होतं. गुरुत्वीय लहरीने होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त होतं ते ताऱ्यांमधल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांनी. ते रेडिओ लहरींना उशीर लावतात, फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितका जास्त, वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. आणि हा उशीर खरोखरच वाटेत साठतो, टोकांच्या नियमाला न जुमानता. तो नीट मोजून वजा केला नाही, तर नॅनोसेकंदांची भाषा व्यर्थ. जीएमआरटीवर ३०० ते ५०० आणि १२६० ते १४६० मेगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत एकाच वेळी पल्सार बघता येतो, त्यामुळे हा उशीर पकडीत येतो. आमचा बराचसा घाम इलेक्ट्रॉनांपायी जातो, आइन्स्टाइनपायी कमी.

वाकण्याबद्दल. सूर्याच्या कडेने जाणारा प्रकाश १.७५ कोनीय सेकंद वाकतो, २९ मे १९१९ च्या ग्रहणात ते तपासलं गेलं. तो वाक स्थिर गुरुत्वाचा, तो टिकतो. गुरुत्वीय लहरीतून जाणारा किरणही वाकतो, पण एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि इथेही ढीग होत नाही. दूरच्या ताऱ्याची आकाशातली जागा किती सरकलेली दिसेल ते मुख्यतः पृथ्वीपाशी लहर किती आहे त्यावर ठरतं. पल्सारवाल्या लहरींची ताकद घेतली तर हे सरकणं एका कोनीय सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी भरतं. गाया उपग्रहाने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांच्या जागा मोजल्या, तरी एकेका ताऱ्याची अचूकता त्याच्या जवळपासही नाही. सगळ्या ताऱ्यांमधली सामाईक हालचाल शोधणं एवढाच मार्ग, आणि त्यातून सध्या फक्त मर्यादा घालता येतात.

तारे लुकलुकण्याशीही याचा संबंध नाही. तोरणमाळला हिवाळ्यात रात्री वर बघितलंस तर तारे थरथरतात ते हवेने. रिकाम्या जागेतली लहर किरणांच्या झोताला गोलाचा लंबगोल करते, एका दिशेने चेपते आणि दुसरीकडे फुगवते, पण झोत एकवटत नाही. एकवटण्याचा परिणाम लहरीच्या वर्गाच्या प्रमाणात येतो, आणि दहाच्या उणे २१ व्या घाताचा वर्ग म्हणजे विसरूनच जायचं.

लहर आणि प्रकाश यांची शर्यतही एकदा प्रत्यक्ष लागली. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे मिसळल्याची लहर आली आणि तिच्या मागोमाग १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला. दोघांनी सुमारे १३ कोटी वर्षांची वाट चालली होती. ते १.७ सेकंदही बहुधा झोत तयार व्हायला लागलेले. यावरून दोघांच्या वेगातला फरक दहाच्या उणे १५ व्या घाताच्या आसपासच असू शकतो असं ठरलं. गुरुत्वाचे कित्येक पर्यायी सिद्धांत त्या दिवशी निकालात निघाले. वर मी "दोघांचा वेग एकच" असं बिनधास्त लिहिलं, ते याच्या जोरावर.

लहर प्रकाशात बदलू शकते का, असं पुढे कुणीतरी विचारेलच. चुंबकीय क्षेत्रात थोडीशी बदलू शकते, सोव्हिएत शास्त्रज्ञ गेर्त्सेनश्टाइनने १९६१-६२ च्या सुमाराला हे दाखवलं. त्याच सुमाराला त्याने पुस्तोवॉयतबरोबर इंटरफेरोमीटरने, म्हणजे दोन वाटांनी गेलेले प्रकाशतरंग जुळवून बघणाऱ्या यंत्राने, लहरी पकडण्याची कल्पनाही मांडली होती. तीच कल्पना पुढे रायनर वाइस यांनी १९७२ च्या अहवालात गोंगाटाच्या सगळ्या हिशेबांसकट उभी केली. २०१७ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा अर्धा होता, उरलेला बॅरिश आणि थॉर्न यांचा. लहरीचा प्रकाश होणं मात्र इतकं नगण्य आहे, की अजून कुणी बघितलेलं नाही.

राहिला कॉलेजचा प्रश्न. ४ किलोमीटरच्या भुजांचं लायगोचं भारतीय यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला होणार आहे. २०१६ ला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ ला २,६०० कोटींची पक्की मंजुरी मिळाली. ते उभं राहीपर्यंत थांबायची गरज नाही. तुमच्या लॅबमध्ये मायकेलसन इंटरफेरोमीटर असेलच. बहुतेक ठिकाणी तो कपाटात असतो आणि परीक्षेच्या आधी निघतो. सोडियम दिव्याऐवजी हेलियम-निऑन लेसर लाव. गोल पट्टे पडद्यावर स्थिर झाले की एका भुजेच्या खाली नुसता तळहात धर. हाताच्या उबेने हवा पातळ होते आणि पट्टे पिळवटून सरकू लागतात. टेबलावर बोट टेकव, पट्टे थरथरतील. हायवेवरून भरलेला ट्रक गेला तर सगळं चित्र विस्कटतं. आरसा ३१६ नॅनोमीटर सरकला की एक पट्टा जातो, आणि लायगोला त्याच्या कोट्यवधीव्या भागाच्याही खाली जायचं आहे. नळ्यांतली हवा वातावरणाच्या लाखकोटीव्या भागाइतकी का पातळ करावी लागते, हे एका तळहाताने कळतं.

आता पुढची पायरी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी पिझो बझरची चकती एका आरशामागे चिकटव आणि मोबाइलमधून, छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमार्फत, तिला १०० हर्ट्झचा सूर दे. पडद्याच्या जागी फोटोडायोड ठेवून त्याचं आउटपुट ऑसिलोस्कोपवर बघ. आवाज कमी करत जा आणि सूर गोंगाटात कुठे बुडतो ते टिपून ठेव. ही झाली तुमच्या यंत्राची संवेदनक्षमता. आमच्याकडे मे महिन्यात पंखा चालू असताना हे करू नये, पट्टे क्षणभरही उभे राहत नाहीत. पहाटे, पंखे बंद करून, टेबलाखाली सायकलची अर्धवट हवा भरलेली ट्यूब ठेवून करावं.

आणि खरी लहर बघायची तर संगणक पुरे. ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटरच्या साइटवर १४ सप्टेंबर २०१५ ची दोन्ही यंत्रांची नोंद फुकट मिळते. बत्तीस सेकंदांची फाइल घे. पायथनमध्ये ३५ ते ३५० हर्ट्झच्या बाहेरचं सगळं गाळून टाक, आणि विजेच्या ६० हर्ट्झच्या रेषेसारख्या ठरावीक खुणाही काढ. मग हॅनफर्डची नोंद ६.९ मिलिसेकंद सरकव, तिचं चिन्ह उलटं कर (तिथल्या भुजांची दिशा वेगळी आहे म्हणून), आणि लिव्हिंग्स्टनच्या नोंदीवर ठेव. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या की समजायचं जमलं. नाही बसल्या तर आधी गाळणी तपास, बहुतेक वेळा चूक तिथेच असते.